खोलीतला कागद आणि बाहेरचे मैदान : इराण ‘अणुकरारा’चे एक वाचन

१

मराठी वृत्तपत्रे गेली दहा वर्षे ज्याला ‘इराण अणुकरार’ म्हणत आली आहेत, त्या दस्तऐवजावर करार म्हणून कोणाचीही सही नाही. १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात तो जाहीर झाला तेव्हा त्याचे नाव होते ‘संयुक्त सर्वसमावेशक कृती आराखडा’. नावातच तो आराखडा आहे, करार नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने काँग्रेसच्या एका सदस्याच्या प्रश्नाला लेखी उत्तर दिले. हा तह नाही, कार्यकारी करार नाही आणि सही झालेला दस्तऐवजही नाही, ही राजकीय बांधिलकी आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. प्रश्न विचारणारे सदस्य होते माइक पॉम्पेओ. मे २०१८ मध्ये अमेरिका या व्यवस्थेतून बाहेर पडली तेव्हा परराष्ट्रमंत्रिपदावर तेच होते.

इराणमध्ये या कागदाला ‘बर्जाम’ म्हणतात. फारसी नावातल्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो शब्द तयार झाला. त्या नावातला पहिला शब्द ‘बरनामे’, म्हणजे कार्यक्रम. आपला ‘करार’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि फारसीत करारपत्राला आजही ‘करारदाद’ म्हणतात. पण बर्जामच्या नावात तो शब्द नाही. ज्यांनी कागद लिहिला त्यांनी दोन्ही भाषांत जो शब्द बाजूला ठेवला, तोच आपण मराठीत त्याला बहाल केला. ही केवळ भाषांतरातली चूक नाही. वाचक म्हणून आपण या कागदाकडून काय अपेक्षित धरले, ते या चुकीतून कळते.

प्रस्तुत लेखात इराणच्या अणुकार्यक्रमाचा इतिहास सांगायचा नाही. हा दस्तऐवज आणि त्याच्याभोवती वाटाघाटी करणाऱ्यांनी लिहिलेली आत्मपर पुस्तके हे एक वाङ्मय मानून ते वाचायचे आहे. कोणत्या गोष्टीसाठी काटेकोर भाषा वापरली गेली, कोणत्या गोष्टीसाठी सैल भाषा, आणि लिहिणाऱ्यांनी काय पाहिलेच नाही, हे तपासायचे आहे. यातून निघणारे विधान आधीच मांडतो. या कागदात शिक्षा आपोआप चालण्याची सोय केलेली आहे; वचन मात्र रोज नव्याने पाळावे लागेल अशा भाषेत लिहिलेले आहे. पुढे जे घडले त्याची सर्व कारणे कागदात नाहीत, पण एक कारण या रचनेत नक्की आहे.

२

या वाङ्मयाची शैली २०१५ मध्ये जन्मली नाही. ऑगस्ट २००२ मध्ये इराणच्या एका निर्वासित विरोधी गटाने नतान्झ आणि अराक येथील अघोषित प्रकल्पांची माहिती जाहीर केली. ऑक्टोबर २००३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री तेहरानला गेले. इराणतर्फे वाटाघाटींचे प्रमुख होते हसन रूहानी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या भेटीत इराणने युरेनियम समृद्धीकरणाला ‘स्थगिती’ देण्याचे मान्य केले.

पण स्थगिती कशाची? इराणचे म्हणणे असे की सेंट्रिफ्यूजमध्ये वायू सोडणे थांबवले म्हणजे स्थगिती झाली. युरोपचे म्हणणे असे की सेंट्रिफ्यूजचे भाग बनवणे आणि जोडणेही थांबले पाहिजे. एका शब्दाच्या अर्थावर पुढचे कित्येक महिने गेले. रूहानी यांनी नंतर स्वतःच सांगितले की युरोपीयांशी बोलणी चालू असतानाच इस्फहानच्या प्रकल्पात यंत्रसामग्री बसवण्याचे काम चालू होते. त्यांच्या विरोधकांनी ही कबुली फसवणुकीचा पुरावा म्हणून वापरली आणि देशातल्या टीकाकारांसमोर त्यांनी ती आपल्या कौशल्याचा दाखला म्हणून मांडली. वाक्य तेच, पण श्रोता बदलताच त्याचा अर्थ उलटा झाला. या साऱ्या वाङ्मयाचे हे मूळ लक्षण आहे.

नोव्हेंबर २००४ च्या पॅरिस समझोत्यात ते आणखी ठळक दिसते. स्थगिती ही विश्वास वाढवण्यासाठी उचललेले ऐच्छिक पाऊल आहे, कायदेशीर बंधन नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले गेले. त्याबरोबरच इराणचा कार्यक्रम शांततामय असल्याची ‘वस्तुनिष्ठ हमी’ आणि युरोपकडून सहकार्याची ‘ठाम हमी’ अशी जोडी आली. वस्तुनिष्ठ हमी म्हणजे समृद्धीकरण कायमचे बंद, असे युरोपने वाचले. वस्तुनिष्ठ हमी म्हणजे निरीक्षकांची कडक देखरेख, असे इराणने वाचले. ऑगस्ट २००५ मध्ये इस्फहानचे काम पुन्हा सुरू झाले आणि ती जोडी मोडली.

मुत्सद्द्यांच्या परिभाषेत याला विधायक संदिग्धता म्हणतात. ती नेहमीच लबाडी नसते. दोन शत्रू एका टेबलाशी बसतात तेव्हा दोघांनाही घरी जाऊन दाखवता येईल असे वाक्य लागते. तसे वाक्य नसेल तर टेबलच नसते. २४ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे जिनिव्हात अंतरिम समझोता झाला, तेव्हा ‘हक्क’ हा शब्द टाळून परस्परांनी ठरवलेल्या समृद्धीकरण कार्यक्रमाचा उल्लेख केला गेला. काही तासांतच रूहानी म्हणाले, आमचा हक्क मान्य झाला; अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी म्हणाले, असा कोणताही हक्क मान्य झालेला नाही. कागदाशी दोघेही प्रामाणिक होते. मात्र संदिग्धतेने मिळतो तो वेळ असतो. त्या वेळात विश्वास तयार झाला नाही तर तेच वाक्य पुढे पुराव्यासारखे एकमेकांवर फेकले जाते.

३

या पार्श्वभूमीवर व्हिएन्नाचा दस्तऐवज उघडावा. परिशिष्टांसह तो १५९ पानांचा आहे आणि त्याच्या पोटात दोन वेगळ्या भाषा नांदतात.

पहिली भाषा मोजमापाची आहे. युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचे. त्याचा साठा ३०० किलोंपेक्षा अधिक ठेवायचा नाही. सुमारे १९ हजार सेंट्रिफ्यूजपैकी ६,१०४ ठेवायचे आणि त्यांपैकी नतान्झचे ५,०६० चालवायचे. अराकच्या अणुभट्टीचे मूळ पात्र काढून त्याच्या पोकळ्यांत काँक्रीट ओतायचे. सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या नळ्यांवर २० वर्षे आणि खाणीतून निघणाऱ्या युरेनियमवर २५ वर्षे लक्ष ठेवायचे. या भाषेला विशेषणे माहीत नाहीत. ती वाचताना एखाद्या काटेकोर अभियंत्याचे टिपण वाचल्यासारखे वाटते, आणि या भागाला यशही आले. ११ हजार किलोंहून अधिक समृद्ध युरेनियम डिसेंबर २०१५ मध्ये जहाजातून रशियाला गेले. जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अंमलबजावणीची ग्वाही दिली आणि अमेरिका बाहेर पडेपर्यंत ती ग्वाही वारंवार दिली गेली. शब्दांनी यंत्रे थांबवता येतात, हे या पानांनी दाखवले. या कागदाला सरसकट भाबडा किंवा फसवा ठरवणाऱ्या टीकाकारांनी ही पाने वाचलेली दिसत नाहीत.

दुसरी भाषा इच्छेची आहे. सद्भावाने, विधायक वातावरणात, परस्पर आदराने अंमलबजावणी करू, अशी ती बोलते. इराणची पावले ‘ऐच्छिक’ म्हटलेली आहेत. सर्वांत बोलके आहे ते सव्विसावे कलम. निर्बंध पुन्हा न लादण्याचे वचन तिथे येते, पण वचन देणारा कोण? ‘अमेरिका’ नव्हे, ‘अमेरिकी प्रशासन’. शिवाय हे प्रशासन राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्या आपापल्या भूमिकांना अनुसरून वागेल, अशी पुस्ती जोडलेली. म्हणजे वचन देशाने दिलेले नाही, त्या घटकेला सत्तेवर असलेल्या सरकारने दिलेले आहे, आणि ते देताना माझ्या घरात दुसराही मालक आहे हे वाक्याच्या मध्येच सांगून ठेवलेले आहे. मार्च २०१५ मध्ये सत्तेचाळीस रिपब्लिकन सेनेटरांनी इराणच्या नेत्यांना उघड पत्र लिहून सांगितले होते की पुढचा राष्ट्राध्यक्ष हे सारे लेखणीच्या एका फटकाऱ्याने पुसू शकेल. ते पत्र उद्धट होते, पण कागदाचे त्याने केलेले वाचन चुकीचे नव्हते.

हा दस्तऐवज २० जुलै २०१५ रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २२३१ ला जोडला गेला. तिथेही क्रियापदांवर झालेली झटापट दिसते. २०१० च्या ठरावात इराणने अण्वस्त्र वाहू शकणाऱ्या क्षेपणास्त्रांचे काम ‘करू नये’ अशी आज्ञा होती. नव्या ठरावात तसे न करण्याचे ‘आवाहन’ आले आणि क्षेपणास्त्रांना ‘अण्वस्त्र वाहण्यासाठी रचलेली’ असे विशेषण लागले. मार्च २०१६ मध्ये इराणने क्षेपणास्त्र चाचण्या केल्या तेव्हा पाश्चात्त्य देशांनी ठरावाच्या भंगाचा आरोप केला. आमची क्षेपणास्त्रे त्यासाठी रचलेलीच नाहीत, असे इराणने उत्तर दिले. वाद क्षेपणास्त्राचा होता आणि लढला गेला तो एका विशेषणावर.

४

आता हे वाक्य-वाक्य घडवणाऱ्यांची पुस्तके. विल्यम बर्न्स यांचे ‘द बॅक चॅनल’ २०१९ चे. ओमानमध्ये इराणशी झालेल्या गुप्त बोलण्यांत मार्च २०१३ पासून अमेरिकी पथकाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. संयत, मोजकी, स्वतःच्या चुकाही नोंदवणारी त्यांची शैली आहे, आणि पुस्तकासोबत त्यांनी गोपनीयतेतून मुक्त झालेली बरीच सरकारी टिपणेही अभ्यासकांना खुली केली. वेंडी शर्मन यांचे ‘नॉट फॉर द फेंट ऑफ हार्ट’ २०१८ चे. मुख्य वाटाघाटी त्यांनी चालवल्या. त्यांचे मूळ प्रशिक्षण समाजकार्याचे होते आणि माणसे वाचण्याची ती सवय पुस्तकात जागोजागी दिसते. पण अनुभवाचे रूपांतर नेतृत्वाच्या धड्यांत करण्याची घाई त्या पुस्तकाला बाधते. इराणच्या बाजूने हुसेन मूसाव्यान यांचे २०१२ चे आत्मकथन आहे. ते रूहानी यांच्या पथकात होते. २००७ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. दोन्ही देशांना एकमेकांची बाजू समजावणाऱ्या माणसाचा एकटेपणा त्यांच्या निवेदनात आहे. तसेच, कोणत्याही वाक्याने आपण पुन्हा संशयित ठरू नये याची सावधगिरीही आहे. मोहम्मद अल-बरदेई यांचे ‘द एज ऑफ डिसेप्शन’ २०११ चे. अणुऊर्जा संस्थेच्या या माजी प्रमुखाला दोन्ही संघांचा राग आलेला आहे, त्यामुळे पंचाने लिहिलेल्या सामनावृत्तासारखे ते वाचावे लागते.

बाजू वेगळ्या असल्या तरी या पुस्तकांचा साचा एकच आहे. नाट्य बंद खोलीत घडते. वेळ रात्रीची असते. समोरचा माणूस आधी अभेद्य असतो, मग त्याच्यातला माणूस दिसू लागतो, आणि शेवटी एक वाक्य सापडते. खोलीतल्या या जवळिकीचे चित्रण हे या पुस्तकांचे बळ आहे. तीच त्यांची मर्यादाही आहे, कारण खोलीबाहेरच्या गोष्टी यात अडथळा म्हणूनच येतात. ओमानची बोलणी गुप्त ठेवल्याने प्रगती झाली हे खरे. पण त्या गुप्ततेने खोलीबाहेरचे लोकही तयार केले. इस्रायल आणि आखाती देश तर दुखावलेच, पण नोव्हेंबर २०१३ मध्ये सोबतच्या फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही जिनिव्हात जाहीर हरकत घेतली. या लेखकांना ही किंमत दिसते. मात्र ते तिला वाटेतला खर्च मानतात, परिणाम मानत नाहीत.

इराणी परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बर्जामचा सहा खंडी वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्याचे नाव ‘राज़े सर बे मोहर’, म्हणजे मोहोरबंद गुपित. हे शब्द हाफिजच्या एका गझलेतले आहेत. पण झरीफ यांचे सर्वांत महत्त्वाचे निवेदन ग्रंथात नाही. ते एप्रिल २०२१ मध्ये फुटलेल्या ध्वनिफितीत आहे. मौखिक इतिहासासाठी दिलेल्या त्या मुलाखतीत त्यांनी दोन शब्द समोरासमोर ठेवले : ‘मैदान’ आणि ‘दिप्लोमासी’. मैदान म्हणजे रणभूमी, म्हणजेच क्रांतिरक्षक दल आणि त्याचे सेनानी कासिम सुलेमानी. मुत्सद्देगिरी मैदानासाठी खर्ची पडली, मैदान मुत्सद्देगिरीसाठी कधी झिजले नाही, अशी त्यांची तक्रार होती. फीत फुटल्यावर त्यांना क्षमायाचना करावी लागली. मोहोर फोडून बाहेर पडलेले हे गुपित त्या सहा खंडांच्या शीर्षकावरचे भाष्यच म्हणावे लागेल.

मला हे निवेदन बर्न्स-शर्मन यांच्या पुस्तकांहून मोलाचे वाटते, कारण खोलीतल्या माणसाने खोलीची लांबी-रुंदी त्यात सांगितली आहे. अमेरिकेचे मैदान वेगळे होते. ते कॅपिटॉलच्या सभागृहात आणि मतपेटीत होते. पण तिथेही वाक्य लिहिणाऱ्याच्या हाती ते वाक्य पाळण्याची सत्ता नव्हती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसे हुशार होती, चिकाटीची होती, एकमेकांना ओळखू लागली होती. दोघेही आपापल्या घरच्या मालकाचे वकील होते आणि मालकाने वकीलपत्र कधीही काढून घ्यावे अशी स्थिती होती.

५

८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी बाहेर पडण्याची घोषणा केली. दस्तऐवजात बाहेर पडण्याचे कलमच नाही. म्हणून अमेरिकी आदेशात ‘सहभाग थांबवणे’ असा शब्दप्रयोग आला. निर्बंध परतले. औषधे त्यांतून वगळलेली होती, पण बँका व्यवहार करायला धजेनात आणि कागदावर मोकळे असलेले औषध रुग्णापर्यंत पोचणे अवघड झाले. २०१५ मध्ये एका डॉलरला सुमारे ३० हजार रियाल पडत. मार्च २०२५ मध्ये हा भाव दहा लाखांपलीकडे गेला. इराणने वर्षभर वाट पाहिली. मग निर्बंध परतल्यास आपण पालन थांबवू शकतो असे सांगणाऱ्या कलमांवर बोट ठेवून एकेक मर्यादा ओलांडली. एप्रिल २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर गेले.

ऑगस्ट २०२० मध्ये विलक्षण प्रसंग घडला. दोन वर्षांपूर्वी सहभाग थांबवलेल्या अमेरिकेने सुरक्षा परिषदेत दावा केला की २२३१ ठरावात आमचे नाव ‘सहभागी’ म्हणून आहे, म्हणून निर्बंध परत आणण्याची यंत्रणा आम्ही चालवू शकतो. परिषदेच्या पंधरांपैकी तेरा सदस्यांनी ते वाचन नाकारले. पत्र पाठवणारे पॉम्पेओच होते. हा कागद कोणाला बांधत नाही असे लेखी उत्तर ज्यांनी मिळवले होते, तेच आता त्याच्या एका शब्दाला लटकले होते.

ही यंत्रणा म्हणजे ‘स्नॅपबॅक’. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या सहभागी देशाने गंभीर भंगाची तक्रार केली की तीस दिवसांचे घड्याळ सुरू होते. त्या मुदतीत निर्बंध उठलेलेच ठेवण्याचा ठराव संमत झाला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परततात. एरवी नकाराधिकार शिक्षा अडवतो. इथे तो सवलत अडवतो. साऱ्या दस्तऐवजात स्वतःच्या बळावर चालणारे वाक्य हे एवढेच आहे. त्याला सद्भाव लागत नाही, बहुमत लागत नाही, काही न घडणे पुरते. उलट वचनाच्या बाजूला असे एकही वाक्य नाही. निर्बंध उठवण्यासाठी कोणाला तरी दर काही महिन्यांनी सही करावी लागे. निर्बंध परतण्यासाठी कोणीही काही न करणे पुरेसे होते.

२०२५ मध्ये नेमके तेच झाले. एप्रिलपासून ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका-इराण बोलणी चालू होती. १३ जूनला इस्रायलने हल्ला केला आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्डो, नतान्झ आणि इस्फहानवर बाँब टाकले. २८ ऑगस्टला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने स्नॅपबॅकचे घड्याळ सुरू केले. १९ सप्टेंबरला सवलत चालू ठेवण्याच्या ठरावाला चारच मते पडली आणि महिनाअखेरीस २००६ ते २०१० मधले सहा ठराव जिवंत झाले. अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे हल्ल्यांच्या दिवशी इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम ४४०.९ किलो होते. कागदाने ठरवलेली मर्यादा होती ३.६७ टक्क्यांच्या ३०० किलोंची. मोजमापाच्या भाषेचे काय झाले ते या दोन आकड्यांत आहे.

६

मराठी वाचकाला या वादाकडे तटस्थपणे पाहणे कठीण जाते आणि त्याला कारण आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जसवंत सिंह यांनी आपल्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘आण्विक वर्णभेद’ हा शब्दप्रयोग केला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केलेली नाही. इराणने ती केली आहे. तरीही सप्टेंबर २००५ आणि फेब्रुवारी २००६ मध्ये व्हिएन्नात भारताने इराणविरुद्ध मत दिले. जुलै २००५ मध्येच भारत-अमेरिका अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन झाले होते. मे २०१९ नंतर आपण इराणी तेल घेणेही थांबवले. त्या मतांचे समर्थन करणारे राष्ट्रहित सांगतात, विरोधक स्वाभिमान सांगतात. आपल्याकडचे बरेचसे इराणविषयक लेखन या दोन टोकांत फिरते : इराण एकतर वर्णभेदाचा बळी किंवा सराईत फसवा. दस्तऐवज वाचणारा यांपैकी कोणत्याच टोकावर फार वेळ उभा राहू शकत नाही. इराणने २००२ पर्यंत लपवाछपवी केली आणि २०१६ ते २०१८ मध्ये शब्द पाळला, या दोन्ही गोष्टी एकाच कागदपत्रांतून सिद्ध होतात.

१८ ऑक्टोबर २०२५ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, ठराव २२३१ ची दहा वर्षांची मुदत संपली. मूळ योजनेप्रमाणे त्या दिवशी इराणचा प्रश्न परिषदेच्या कार्यपत्रिकेवरून उतरायचा होता. इराण आणि रशिया स्नॅपबॅकच मानत नाहीत. त्यांच्या वाचनात ठराव त्या दिवशी संपला. युरोपच्या वाचनात निर्बंध आधीच परतले होते आणि संपण्यासारखे काही उरलेले नव्हते. २००३ मध्ये ‘स्थगिती’च्या अर्थावर सुरू झालेला वाद बावीस वर्षांनी ‘समाप्ती’च्या अर्थावर येऊन थांबला आहे.

पुढचा कागद कधीतरी लिहिला जाईल, कारण बाँबने इमारती पडतात, ४४० किलोंचा हिशेब लागत नाही. तो लिहिणाऱ्यांनी टक्के आणि किलो पुन्हा तितक्याच काटेकोरपणे लिहावेत. पण शिक्षेच्या वाक्याला जे यंत्र जोडले, त्याच्या निम्मे तरी वचनाच्या वाक्याला जोडावे. आणि वचन ‘प्रशासना’ने देऊ नये, देशाने द्यावे. तसे झाले तर आपणही त्याला निःसंकोचपणे ‘करार’ म्हणू. तोपर्यंत मराठीतही ‘आराखडा’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.